हमीदभाईंची पश्चिम

येवल्याला परत आल्यापासून दुकानात रोज एक तरी माणूस पैठणी बघायच्या निमित्तानं टेकतो आणि विचारतो, "मग दिलीपशेठ, अमेरिका कशी काय?" मी म्हणतो, "लांब आहे." एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही. त्यांना उंच इमारती हव्या असतात, गोऱ्या बायका हव्या असतात, झालंच तर एखादा समुद्रावरचा पूल. ते सगळं आहे तिथं, पण मला त्यातलं फारसं आठवत नाही. मला आठवतात ते हमीदभाईंचे पाय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. यापुढं कुणी विचारलं की हे कागद त्याच्या हातात देईन आणि मी आपला साड्यांच्या घड्या घालत बसेन.

गेलो आम्ही दोघंच. हमीदभाई आमच्या गल्लीच्या टोकाला हातमागावर पैठणी विणतात आणि मी ती विकतो. त्यांचा धाकटा भाऊ सलीम शाळेत माझ्या बाकावर बसायचा. पुढं तो संगणक शिकला, अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोजवळ स्थायिक झाला, आणि ज्या काळात सगळं जग दाराला कडी लावून बसलं होतं नेमक्या त्या काळात तिकडेच वारला. विमानं बंद होती. हमीदभाईंनी भावाची माती फोनवर बघितली. फोन धरणाऱ्याचा हात हलत होता, मग रेंज गेली. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं, एकदा जाऊन सलीमच्या कबरीपाशी उभं राहायचं आणि त्याला नीट निजवलंय का ते डोळ्यांनी बघायचं. इंग्रजी येत नाही म्हणून सोबतीला मी. मला तरी कुठं येतं! पण मी न येणारं इंग्रजी मोठ्या आवाजात बोलू शकतो, हा माझा गुण त्यांना ठाऊक होता.

आता पायांचं. हमीदभाई दुकानात गादीवर बसले तरी पश्चिमेकडे पाय पसरणार नाहीत. तिकडं मक्का, काबा. तिकडं तोंड करून नमाज पढायचा, पाय करायचे नाहीत. येवल्यात कबरीसुद्धा उत्तर-दक्षिण खोदतात आणि माणसाला उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला करून निजवतात. या दिशेला ते किब्ला म्हणतात. मी लहानपणापासून हे बघत आलोय, त्यामुळं त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. ओझरच्या विमानतळाकडे जाताना विंचूरच्या पुढं कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत आमची गाडी अडकली, तेव्हा हमीदभाईंनी पाय वर घेऊन मांडी घातली. गाडी पश्चिमेला चालली होती. मी म्हटलं, "हमीदभाई, असं अमेरिकेपर्यंत जमायचं नाही." ते म्हणाले, "तू तुझं बघ."

वर, आणखी वर

ओझरहून दिल्ली, आणि दिल्लीहून पहाटे मोठं विमान. माझ्या समोरच्या पडद्यावर जगाचा नकाशा आणि त्यावर एक चिमुकलं विमान. आपण अमेरिकेला निघालो, म्हणजे अरबस्तान, युरोप, मग समुद्र, असा माझा हिशेब. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात तसंच होतं. तर हे विमान सरळ वर निघालं! चीन झाला, मग रशिया आला. रशिया काही संपेना. खाली नुसतं पांढरं, ना गाव ना रस्ता.

"दिल्या," हमीदभाई हळूच म्हणाले, "ड्रायव्हर नवा दिसतो."

"का?"

"नाशिकरोडला रिक्षावाले नवीन माणूस बघून असंच फिरवून नेतात."

मलाही तीच शंका आली होती, पण मी शिकलेला ना, म्हणून म्हटलं, "खाली कुठं युद्ध असेल, टाळून चालले असतील." पलीकडं बसलेली एक पंजाबी बाई हसून हिंदीत म्हणाली, "अंकल, पृथ्वी गोल आहे, हाच जवळचा रस्ता." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. पृथ्वी गोल आहे हे आम्हाला चौथीतच कळलं होतं. पण गोल असली म्हणून माणसानं बर्फात कशाला शिरायचं, हे त्या बाईंनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

थोड्या वेळानं पडद्यावरचं विमान उजव्या कडेला जाऊन टेकलं आणि नाहीसंच झालं. हमीदभाईंनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले. क्षणभरानं ते डाव्या कडेनं आत आलं. "अल्ला!" हमीदभाई म्हणाले. "फिरून आलं वाटतं."

खरी पंचाईत वेगळीच होती. विमान सतत वळत होतं, त्यामुळं पश्चिम कुठं आहे तेच कळेना. हमीदभाई सारखे विचारत, "आता कुनीकडं हाय पश्चिम?" मी पडद्यात बघून बोट दाखवायचो आणि ते पाय फिरवायचे. कधी माझ्याकडं, कधी वाटेत. एकदा तर त्यांनी दोन्ही पाय सीटवर घेतले आणि उकिडवे बसून राहिले. जेवण घेऊन आलेल्या मुलीनं विचारलं, यांना बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, "नो नो, ही इज फाइन, ओन्ली वेस्ट प्रॉब्लेम." ती बिचारी पाण्याची बाटली ठेवून गेली. नमाजाची वेळ झाली तेव्हा मात्र हमीदभाईंनी बसल्या जागी, विमानाचं तोंड जिकडं होतं तिकडंच नमाज पढला. मी विचारलं, "हे चालतं?" तर म्हणाले, "मुसाफिराला सूट असते." पायांना सूट का नाही, हे मी विचारणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून पुन्हा पडद्यात पश्चिम शोधायला लागलो.

बाहेर उजेड काही मावळेना. आम्ही झोपलो, उठलो, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, पुन्हा झोपलो, तरी खिडकीत ऊन ते ऊन. आणि उतरलो तेव्हा तिथं निघाल्या दिवसाचीच सकाळ होती! इतका प्रवास करून तारीख जागची हलली नव्हती. ज्या वाण्याचं उधार त्या दिवशी द्यायचं असेल, त्याला हे सांगून बघायला हरकत नाही.

कुत्रा आणि कांदा

सामान घेऊन बाहेर पडत होतो, तेवढ्यात लांब कानांचा एक कुत्रा गणवेशातल्या बाईसोबत आला आणि हमीदभाईंच्या पिशवीपाशी जाऊन शहाण्यासारखा खाली बसला. बाईनं पिशवी उघडली. भाकरीच्या फडक्यात दोन कांदे. भाकरीसोबत कांदा बांधायचा असतो म्हणून वहिनींनी बांधला होता, त्यात त्यांचा काय दोष! येवल्याच्या माणसाच्या शिदोरीत कांदा नसेल तर लोक विचारतील, घरी काही भांडण झालंय का? बाईनं कांदे जप्त केले. मी माझं मोठ्या आवाजातलं इंग्रजी काढलं, तर ती आणखी एका माणसाला घेऊन आली. शेवटी सोडलं. हमीदभाई बराच वेळ मागं वळून कुत्र्याकडं बघत होते. "आमच्या बाजार समितीत पाहिजे होता हा," ते म्हणाले, "चाळीतला सडका कांदा बरोबर काढला असता."

बाहेर शबाना उभी होती, सलीमची बायको. मूळची जुन्या नाशकातली. तिनं हमीदभाईंना वाकून सलाम केला आणि "भाईजान" एवढंच म्हणाली.  मी ट्रॉली ढकलत पुढं गेलो.

शबाना तिथल्या शाळेत शिकवते, एकटीच राहते. घर टापटीप. सलीमची खोली तिनं तशीच ठेवलीय, टेबल, पुस्तकं, पृथ्वीचा गोल. पहिले दोन दिवस आम्ही झोप आणि जाग यांच्या मधेच कुठंतरी होतो. तिथं रस्त्यावर माणूस दिसत नाही. दिसला तर तो अनोळखी असूनही हसून "हाय" म्हणतो. आपल्याकडं अनोळखी माणूस हसला की आपण आधी खिसा चाचपतो. फुटपाथवर एका म्हाताऱ्यानं आम्हाला असं हसून विचारलं, "हाउ आर यू?" मी थांबून गुडघ्याचं दुखणं सांगायला लागलो, तोवर तो पार कोपऱ्यावर पोचला होता. त्यांना उत्तर नको असतं म्हणे. मग विचारतात कशाला?

गवतातली वस्ती

तिसऱ्या दिवशी दुपारी शबाना आम्हाला कब्रस्तानात घेऊन गेली. नुसतं हिरवंगार गवत, झाडं, आणि गवताच्या पातळीतच बसवलेले दगड. सगळे धर्म एकाच आवारात, फक्त भाग वेगवेगळे. इतरांचे दगड रस्त्याला धरून ओळीत होते. मुसलमानांच्या भागातले सगळे दगड त्या ओळींना तिरके.

शबाना एका दगडापाशी थांबली. सलीमचं नाव होतं. माझ्या बाकावर कर्कटकानं कोरलेलं तेच नाव. मला तिथंच रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

हमीदभाई मात्र दगडाकडं बघतच नव्हते. ते सूर्याकडं बघत होते. सूर्य कलायला लागला होता. त्यांनी एकदा सूर्य बघितला, एकदा डोक्याकडचा दगड बघितला, मग कबरीच्या पायथ्याशी गेले.

"हे पाय हायेत ना त्याचे?"

"हो भाईजान."

"पाय पश्चिमेला केलेत."

शबाना शांतपणे म्हणाली, "भाईजान, इथून किब्ला उत्तरेकडं आहे. जरासा पूर्वेला कललेला. त्यांचं तोंड तिकडंच आहे."

"उत्तरेला?" हमीदभाईंचा आवाज चढला. "उत्तरेला काबा कुठून आला? उत्तरेला बरफ हाय! मी वरून बघून आलोय."

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण भिंतीवरचा नकाशा माझ्या डोक्यात घट्ट बसलेला. मी म्हटलं, "नकाशात बघितलं तर इथून मक्का पूर्वेला येतं. पूर्वेला आणि थोडं खाली." वर हातानं दाखवलंही.

"बघ! हा दिल्यापन सांगतोय!" हमीदभाई शबानाला म्हणाले. "ना पश्चिम, ना पूर्व. माझ्या भावाला तुम्ही उत्तरेला तोंड करून टाकला. आणि पाय... आपल्यात जनावरसुद्धा हलाल करताना दिशा बघतात गं."

त्यांनी दुवा मागण्यासाठी हात उचलले, मेलेल्या माणसासाठी पढतात तो फातिहा सुरू केला आणि मधेच हात खाली घेतले. फातिहा अर्धाच राहिला. ते गाडीत जाऊन बसले.

शबाना तिथंच उभी होती. जरा वेळानं ती मला म्हणाली, "दिलीपभाऊ, त्या दिवशी फक्त चार माणसांना आत सोडलं होतं. मी लांब उभी होते. तिथूनच ओरडून विचारलं, दिशा बरोबर आहे ना? ते म्हणाले, बरोबर आहे. त्यावरच मी आजपर्यंत झोपलेय." मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. कुणी विचारलं होतं मला नकाशातलं?

 घरी आल्यावर हमीदभाईंनी जेवायला नको म्हटलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "हमीदभाई, दोन दिवस ज्या चटईवर नमाज पढताय, ती कुठल्या तोंडाची घातलीय ते बघितलं का?" त्यांनी खिडकीतून ऊन बघितलं, चटई बघितली. तीही उत्तरेलाच! शबानानं घातली तशी त्यांनी आपली मुकाट वापरली होती, बंद घरात कुणाला दिशा कळतेय! "म्हणजे माझे नमाजही गेले," ते म्हणाले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझं तोंड शिवून टाकावं असं शबानाला वाटलं असणार, पण तिनं मला चहा दिला.

धागा

सकाळी न्याहारीच्या टेबलावर पोह्यांच्या जागी पृथ्वीचा गोल होता. सलीमच्या खोलीतला. शबाना समोर हात बांधून बसली होती, शाळेत बसत असेल तशी.

"भाईजान, माझ्यासाठी पैठणी आणलीय ना तुम्ही? दिलीपभाऊ म्हणाले."

हमीदभाईंनी माझ्याकडं रागानं बघितलं. पैठणी आणली होती हे खरं. जांभळी, पदरावर मोर. विणायला त्यांनी किती डोळे फोडले ते मला माहीत आहे. पण कालपासून ती बॅगेतून काढायचं नाव नव्हतं.

"तिच्या दशीतला एक धागा द्या मला."

हमीदभाई जागचे हलेनात. मग काय वाटलं कोण जाणे, उठले, पैठणी आणली आणि पदराच्या कडेचा मोकळा सुटलेला एक रेशमी धागा अलगद ओढून काढला.

शबानानं त्यांच्या डाव्या हाताचं बोट गोलावर सान फ्रान्सिस्कोशी ठेवलं आणि उजव्या हाताचं मक्केवर. "आता दोन्हीच्या मधे ताणा. माझं ऐकू नका, दिलीपभाऊंचं तर मुळीच ऐकू नका."

हमीदभाईंनी धागा माझ्या नकाशासारखा आडवा लावला, अमेरिका ओलांडून, समुद्रावरून, आफ्रिकेवरून. आणि ताणला. धागा निसटून वर सरकला. शिवाय ढिला पडला, म्हणजे आधीची वाट लांबची होती. त्यांनी अंगठ्यानं तो खाली दाबला, उरलेला ढिलेपणा ओढून घेतला. अंगठा काढला, तर धागा पुन्हा वर! आता मीही वाकून बघत होतो. शेवटी त्यांनी दाबायचं सोडलं आणि मागावर ताणा लावताना ताणतात तसा तो सरळ ताणला. धागा सान फ्रान्सिस्कोतून निघाला तो उत्तरेला, जरासा पूर्वेला कलून. कॅनडावरून गेला, ग्रीनलंडच्या बर्फावरून गेला, नॉर्वे आणि तुर्कस्तानावरून उतरला आणि मक्केला पोचला.

हमीदभाई बराच वेळ दोन्ही बोटं तशीच धरून बसले. "ताणलेल्या धाग्याला खोटं बोलता येत नाय," ते हळू म्हणाले. जन्मभर त्यांनी तेच तर काम केलंय.

मग त्यांचं त्यांनाच सुचलं. उजवं बोट उचलून त्यांनी हिंदुस्थानावर, साधारण आपल्या नाशिकच्या आसपास ठेवलं आणि ताणलं. धागा परत वर निघाला. या खेपेला किंचित पश्चिमेकडं कलून, अलास्का, बर्फाचा समुद्र, रशिया, आणि खाली येवला.

"म्हणजे ड्रायव्हर नवा नव्हता," मी म्हटलं.

"ड्रायव्हर बरोबर होता," हमीदभाई म्हणाले. "तो टीव्ही वाकडा होता. आणि तू."

शबाना हसली. आम्ही आल्यापासून पहिल्यांदा. पण हसता हसताच तिचे डोळे भरून आले आणि तिनं तोंड पदरात घेतलं. हमीदभाई उठले. धाकट्या भावाच्या बायकोची माफी मागणं त्यांच्या पिढीला जमत नाही, मला माहीत आहे. त्यांनी पैठणीची घडी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "आज परत जाऊ सलीमकडं. माझा फातिहा अर्धा राहिलाय." दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आधी काहीतरी खायला दे. काल रात्रीपासून जेवलो नाय मी."

पोहे झाले. शबानानं कांदा जास्त घातला होता.

कब्रस्तानात या खेपेला ते सूर्याकडं बघायला गेले नाहीत. दगडापासून थोडे दूर थांबले आणि शबानाला म्हणाले, "तू सांग. कुठं उभं राहू?"

तिनं त्यांना हाताला धरून कबरीच्या बाजूला नेलं आणि तोंड वळवून दिलं. ते तसे उभे राहिले, सलीमचं तोंड होतं त्याच दिशेला. मी मागं उभा होतो. त्यांच्या समोर एक टेकडी होती आणि टेकडीवर कोवळं ऊन. त्यांनी फातिहा पूर्ण केला. नंतर खाली बसले, गवतावर हात फिरवला आणि सलीमशी आमच्या गावच्या बोलीत काहीतरी बोलले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं. उठताना ते शबानाला म्हणाले, "नीट निजवलाय. माझ्यानं यापेक्षा नीट झालं नसतं."  परत जाताना गाडी चालवता चालवता शबाना गुणगुणत होती.

पुढचे दिवस आम्ही तिथला तो प्रसिद्ध पूल बघितला, समुद्र बघितला, आणि एका बागेत दोन तास हरवलो. त्या बागेत दिशा विचारायची वेळ आली तेव्हा दोघांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. शेवटी एका चिनी आजींनी आम्हाला बाहेर काढलं.

परतताना

परतीच्या विमानात हमीदभाईंनी खिडकी मागून घेतली. विमान उडालं, समुद्रावर एक वळण घेतलं आणि पडद्यावरचं चिमुकलं विमान सरळ वर निघालं. हमीदभाई माझ्या बाजूला पाय पसरून बसले होते. बसले म्हणजे काय, चक्क आरामात. मी म्हटलं, "हमीदभाई, पश्चिम कुठंय विचारलं नाहीत आज?"

त्यांनी खिडकीला कपाळ टेकवलं. खाली टेकड्या मागं पडत होत्या, गावं लहान होत होती.

"दिल्या, आपन वर चाललोय ना? उत्तरेला?"

"हो."

"म्हणजे सलीमच्या तोंडापुढून."

मी गोल आठवला, त्यावरचा जांभळा धागा आठवला. "हो हमीदभाई. त्याच्या तोंडापुढूनच."

थोड्या वेळानं विमानातली मुलगी आली आणि खूण करून म्हणाली, खिडकीचा पडदा ओढून घ्या, लोकांना झोपायचंय. हमीदभाईंनी मान हलवली. तिला कळेल अशा भाषेत सांगायला ते माझ्याकडं वळले.

"तिला सांग, थोडं पुढं जाऊ दे. भाऊ बघतोय."